तिसऱ्या वर्गाचं छप्पर

साकोली सोडून पिटेझरी फाटकाकडे निघालं की मोबाइलची रेंज आधी अडखळते आणि मग जातेच. नागझिरा अभयारण्य १९७० सालचं, १५२.८१ चौरस किलोमीटरचं. २०१३च्या डिसेंबरात नवेगाव, नवीन नागझिरा आणि कोका यांच्याशी जोडून त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. प्रकल्पाच्या गाभ्यात पर्यटकांच्या मोबाइलवर निर्बंध आहेत आणि ते बरंच आहे. पण जंगलाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्यांच्या खिशात फोन असतोच. बीटवर पायी गस्त घालणारा वनरक्षक, फाटकाबाहेरच्या गावातला गाइड, मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात आसपासच्या रानात जाणारी माणसं, गावतळ्याच्या काठी पक्ष्यांच्या नोंदी करणारा कॉलेजातला पोरगा. यांच्या लेखी कुठल्याही अ‍ॅपची पहिली परीक्षा एकच: रेंज गेल्यावर हे चालतं का?

तीन अ‍ॅप या परीक्षेला तीन तऱ्हांनी बसतात. पहिलं एम-स्ट्राइप्स. भारतीय वन्यजीव संस्था आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण यांनी २०१०मध्ये सुरू केलेली ही गस्तीची प्रणाली देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांत वापरतात. वनरक्षक चालत असतो तेव्हा ती त्याची वाट नोंदवते. पगमार्क, विष्ठा, तोडलेलं झाड, जे दिसेल ते तो जागच्या जागी टिपतो. सगळं फोनमध्येच साठतं आणि रेंजमध्ये आल्यावर वर चढवलं जातं. दुसरं मर्लिन. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं हे अ‍ॅप पक्षी ओळखून देतं; आवाजावरून ओळखायची सोय त्यात २०२१मध्ये आली. आपल्या भागातल्या पक्ष्यांचा संच घरून उतरवून घेतला की ते नेटशिवाय चालतं, आणि त्याला एक रुपयाही पडत नाही. तिसरं ऑलट्रेल्ससारखं पायवाटांचं अ‍ॅप. घरच्या वायफायवर ते फुकटात नकाशा दाखवतं. पण तोच नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवायचा म्हटलं की कुलपाचं चित्र येतं आणि सोबत वर्गणीचे दर. म्हणजे जिथे नकाशाची फारशी गरज नाही तिथे तो फुकट, आणि जिथे खरी गरज तिथे तो प्रीमियम.

सॉफ्टवेअरच्या वर्गणीबद्दलचा सगळा वाद या तिसऱ्या उदाहरणात आहे. पैसे घ्यावेत का, हा तो वाद नाही. पैसे घ्यावेच लागतात. वाद आहे तो कशाचे घ्यावेत याचा. वरच्या वर्गाला जास्तीचं काही देऊन, की खालच्या वर्गाकडून गरजेचं काही काढून घेऊन?

खर्च कुठे होतो

सॉफ्टवेअरचं अर्थशास्त्र साबणाच्या वडीसारखं नसतं. पहिली प्रत तयार करायला कोट्यवधी रुपये लागतात, दुसरी जवळपास फुकट पडते. म्हणून कंपनीला लाखो लोकांना फुकट वापरू देणं परवडतं. त्यातल्या थोड्यांनी पैसे भरले तरी गाडा चालतो. फुकट वापरणारा अगदीच निरुपयोगी नसतो. तो दुसऱ्याला सांगतो, नोंदी भरतो, चुका दाखवतो, कधी तरी पुढे पैसे भरतो.

पण काही खर्च मात्र दर वापरागणिक होतो. फोटो साठवायला जागा लागते. व्हिडिओ पाठवायला बँडविड्थ लागते. ओटीपीचा प्रत्येक एसएमएस कंपनीला विकत घ्यावा लागतो. एआयला प्रश्न विचारला की दूरच्या कुठल्या तरी सर्व्हरवर वीज जळते. गूगल फोटोजने अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१पासून बंद केली तेव्हा लोक चिडले. पण फोटोंचा ढीग रोज वाढतो आणि तो सांभाळायला रोज खर्च येतो, हे खोटं नव्हतं. अशा गोष्टींचे पैसे मागण्यात गैर काही नाही.

आता पायवाटांच्या नकाशाकडे परत पाहू. फोनला आपण कुठे आहोत हे कळायला इंटरनेट लागत नाही. वर फिरणारे उपग्रह स्वतःची वेळ आणि जागा सतत प्रक्षेपित करत असतात. फोनमधली चिप चार किंवा अधिक उपग्रहांचे संकेत पकडते, ते पोहोचायला लागलेल्या वेळेवरून अंतरं काढते आणि आपला ठावठिकाणा मांडते. एअरप्लेन मोडवरही हे जमतं. नेट लागतं ते त्या निळ्या ठिपक्याखालचा नकाशा आणायला. तो आधीच उतरवलेला असेल, तर कंपनीचा सर्व्हर बंद पडला तरी फोनधारकाला फरक पडत नाही. उलट एकदा उतरवलेला नकाशा दहादा पाहिला तर सर्व्हरवर दहादा ताण पडत नाही; ऑनलाइन पाहिला असता तर पडला असता. नकाशा विकत घेतलेला असला तर त्याच्या परवान्याचा खर्च कंपनीला असतो, हे मान्य. पण ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी २००४पासून भरत आणलेला जगाचा नकाशा कुणालाही वापरायला खुला आहे. त्याच नकाशावर ऑरगॅनिक मॅप्ससारखं अ‍ॅप देणग्यांवर चालतं आणि राज्यच्या राज्य फुकट उतरवू देतं. गूगल मॅप्सनेही २०१५पासून ऑफलाइन दिशादर्शन मोफतच ठेवलं आहे.

म्हणजे उतरवण्याच्या बटणावरचं कुलूप खर्चापोटी आलेलं नाही. प्रोग्रॅमच्या एका ओळीत एक प्रश्न असतो: हा गिऱ्हाईक पैसे भरतो का? उत्तर ‘हो’ आलं की बटण चालतं, ‘नाही’ आलं की त्याच फोनमधलं, तयार असलेलं तेच बटण करडं पडतं.

मुद्दाम बिघडवलेला माल

ही युक्ती संगणकाहून जुनी आहे. फ्रेंच अभियंता आणि अर्थतज्ज्ञ ज्यूल द्यूपुई याने १८४९मध्येच ती रेल्वेत ओळखली होती. त्या काळी तिसऱ्या वर्गाच्या काही डब्यांना छप्पर नसे. छपराचा खर्च किरकोळ होता. मग ते का घालत नाहीत? द्यूपुईचं म्हणणं असं की कंपनीला गरिबाला उन्हापावसात बसवण्याची हौस नव्हती. तिला धाक घालायचा होता तो दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडणाऱ्याला. खालचा डबा सुसह्य झाला तर तोही तिथेच येऊन बसेल, ही भीती. मारायचं होतं एकाला आणि मार बसला भलत्यालाच.

संगणकयुगात हेच जास्त सफाईने झालं. आयबीएमने १९९०मध्ये लेझर प्रिंटरचं एक स्वस्त मॉडेल काढलं. महागडा प्रिंटर मिनिटाला दहा पानं छापायचा, हा पाच. आतलं यंत्र जवळपास तेच, फक्त त्याला थांबत थांबत चालवणारी जोड वर दिलेली. म्हणजे स्वस्त प्रिंटर बनवायला उलट जरा जास्तच काम पडलं. इंटेलने १९९१मध्ये ४८६एसएक्स ही चिप आणली. महागड्या ४८६डीएक्समधला गणिती भाग सुरुवातीच्या एसएक्समध्येही होता, तो फक्त बंद करून ठेवला होता. रेमंड डेनेकर आणि प्रेस्टन मॅकअफी या अर्थतज्ज्ञांनी १९९६मध्ये या प्रकाराचा अभ्यास केला आणि त्याला नाव दिलं ‘बिघडवलेला माल’.

आपला निळा ठिपकासुद्धा एकेकाळी असाच बिघडवलेला होता. अमेरिकेच्या लष्कराने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळली होती. सैन्याला नेमकी जागा कळायची आणि बाकीच्या जगाला शंभरेक मीटर इकडेतिकडे. कारण व्यापाराचं नव्हतं, युद्धाचं होतं. पण रचना तीच, एकच उपग्रह आणि दोन वर्ग. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने २ मे २०००च्या सुमारास ही भेसळ बंद झाली आणि एका रात्रीत नागरी जीपीएस कित्येक पटींनी अचूक झालं. एकही नवा उपग्रह सोडावा लागला नाही, फक्त बिघडवणं थांबवलं. शंभर मीटरच्या चुकीत नागझिऱ्यातली पायवाट आणि तिच्या शेजारचा नाला यांतला फरक कळला नसता. आज टॅक्सी बोलावण्यापासून गस्तीच्या नोंदीपर्यंत जे काही या ठिपक्यावर उभं आहे, ते खालचा वर्ग नीट केल्यामुळे उभं राहिलं.

दोन इंच फोम

नागझिऱ्याला जवळचं मोठं रेल्वे स्टेशन गोंदिया. मुंबई-हावडा मार्गावरच्या या स्टेशनातून गीतांजली एक्स्प्रेस जाते. ती सुरू झाली २६ डिसेंबर १९७७ रोजी, आणि सुरुवातीला तिच्यात पहिला वर्गच नव्हता; सगळी गाडी दुसऱ्या वर्गाची. रेल्वेमंत्री होते प्रा. मधु दंडवते, कोकणातल्या राजापूरचे खासदार, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि पक्के समाजवादी. तिसरा वर्ग १९७४मध्ये कागदावरून गेला होता, पण दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लोक लाकडी फळकुटांवरच झोपत होते. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम बसवायला लावला.

या निर्णयामागचा विचार सॉफ्टवेअरवाल्यांनी मुद्दाम पाहण्याजोगा आहे. पहिल्या वर्गाची शान उतरवणं हा दंडवत्यांचा हेतू नव्हता. दुसरा वर्ग वर उचलायचा होता. फोममुळे पहिल्या वर्गाची किंवा पुढे आलेल्या वातानुकूलित डब्यांची गिऱ्हाइकी संपली नाही. आज खुद्द गीतांजलीलाही वातानुकूलित डबे आहेत आणि लोक त्यांचे जादा पैसे आनंदाने मोजतात. गारवा, शांतता, मोकळी जागा या खरोखरच जास्तीच्या गोष्टी आहेत आणि त्यांचा खर्चही जास्त आहे. पाठ टेकायला मऊ जागा ही जास्तीची गोष्ट नव्हे. वर कितीही मजले चढवा. तळमजल्याची जमीन उखडून ते चढवू नका, एवढंच.

काल फुकट, आज प्रीमियम

गेल्या काही वर्षांत मात्र ही जमीन ठिकठिकाणी उखडली गेली. ट्विटरने फेब्रुवारी २०२३मध्ये जाहीर केलं की एसएमएसवर येणारा दुहेरी सुरक्षा-कोड २० मार्चपासून फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळेल. एसएमएसला खर्च येतो आणि त्या सोयीचा गैरवापर होतो, हे कंपनीचं म्हणणं. ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा मार्ग तिने मोफतच ठेवला. तरीही साध्या माणसाला सर्वांत सोपी वाटणारी सुरक्षा वरच्या वर्गात गेली. एव्हरनोटने डिसेंबर २०२३मध्ये फुकटच्या खात्याला पन्नास टिपणं आणि एक वही अशी मर्यादा घातली; जुनी टिपणं वाचायला आणि बाहेर काढायला मात्र मोकळीक ठेवली. स्पॉटिफायने २०२३मध्ये भारतातल्या फुकट वापरणाऱ्यांना गाणी क्रमाने ऐकणं, मागेपुढे सरकवणं यांवर बंधनं घातली. २०२५मध्ये हवं ते गाणं निवडून ऐकण्याची मुभा फुकटच्या वर्गालाही दिली. ही रेघ दोन्ही दिशांना सरकते. गिऱ्हाईक पळतंय असं दिसलं की छप्पर परतही येतं.

कुलूप किती कागदी असतं ते २०१७च्या सप्टेंबरात दिसलं. अमेरिकेत फ्लोरिडावर इर्मा चक्रीवादळ चालून आलं तेव्हा टेस्लाच्या काही स्वस्त मॉडेलांच्या गाड्यांमध्ये बॅटरी मोठी होती, पण तिचा काही भाग सॉफ्टवेअरने बंद ठेवलेला होता. कंपनीने दुरूनच ते कुलूप तात्पुरतं उघडलं आणि लोकांना सुमारे पन्नास किलोमीटर जास्त अंतर मिळालं. मदत चांगलीच होती. पण तितकं अंतर पहिल्यापासून त्यांच्याच गाडीत होतं, हेही तेव्हाच सगळ्यांना कळलं.

मराठी माणसाला असा अनुभव नवा नाही. संगणकावर मराठी लिहिणं हीच एकेकाळी प्रीमियम सोय होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्री-लिपी’सारख्या पॅकेजांवर आपल्या डीटीपीच्या दुकानांनी वर्षानुवर्षं लग्नपत्रिका, दिवाळी अंक आणि वर्तमानपत्रं काढली. पॅकेज विकत घ्यायचं, त्याचं डोंगल संगणकाच्या मागे लावायचं, तेव्हा कुठे अक्षर उमटायचं. त्या कंपन्यांनी मराठी छपाईसाठी खरं काम केलं आणि त्याचे पैसे घेतले, यात तक्रार नाही. अडचण दुसरी होती: एका फाँटात टाइप केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर गिचमिड दिसायचा. लिहिणाऱ्याचा मजकूर त्याचाच, पण वाचायची किल्ली दुसऱ्याकडे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१मध्ये आली, विंडोज २०००पासून ती घरच्या संगणकावर चालू लागली आणि मग फोनवर मराठी टायपिंग मोफत झालं. चांगल्या फाँटांचा धंदा त्याने बुडाला नाही. सुंदर अक्षरासाठी आजही लोक पैसे देतात. अक्षर उमटणं मात्र सगळ्यांचं झालं.

दुसरी बाजू

बिघडवलेल्या मालाच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे आणि ते टाळू नये. डेनेकर आणि मॅकअफी यांनीच दाखवलं की काही परिस्थितीत असा माल काढल्याने विकणारा, श्रीमंत गिऱ्हाईक आणि गरीब गिऱ्हाईक या तिघांचंही भलं होऊ शकतं. गणिती भाग बंद ठेवलेली चिप स्वस्तात मिळाली, म्हणून ज्याला फक्त पत्रं लिहायची होती त्याच्या घरी संगणक आला. ती चिप निघालीच नसती तर कदाचित त्याला महागडीच घ्यावी लागली असती, नाहीतर काहीच नाही.

छोट्या कंपन्यांचीही बाजू आहे. दोन-चार माणसांनी बनवलेलं अ‍ॅप एकदा विकलं की काम संपत नाही. दरवर्षी अँड्रॉइड बदलतं, सुरक्षेची भोकं बुजवावी लागतात, फोन करणाऱ्यांना उत्तरं द्यावी लागतात. वर्गणी नाही घ्यायची तर मग काय? जाहिराती, आणि जाहिरातींसाठी आपली माहिती. फुकटचं नेहमी स्वस्त पडतं असं नाही. एम-स्ट्राइप्समागे सरकार आहे, मर्लिनमागे विद्यापीठ, देणग्या आणि पक्षी नोंदवणाऱ्या हजारो हौशी लोकांचे श्रम. प्रत्येक अ‍ॅपच्या नशिबी असा आश्रयदाता नसतो.

म्हणून ‘मूलभूत’ कशाला म्हणायचं हे कंपनीवर सोडून चालत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या हौसेवरही नाही. कंपनीने ठरवलेलं ‘मूलभूत’ भारताने एकदा पाहिलं आहे. फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ या नावाने निवडक संकेतस्थळं फुकट दाखवायचा घाट घातला होता. कुठली संकेतस्थळं पायाभूत हे फेसबुकच ठरवणार होतं. दूरसंचार नियामक ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी असे भेदभावाचे दर बंद केले.

रेघ कुठे ओढायची

माझ्या मते चार गोष्टी खालच्या वर्गातच राहायला हव्यात. पहिली, सुरक्षा: खातं चोरीला जाऊ नये यासाठीचा निदान एक सोपा उपाय, आणि वाट चुकलेल्याला आपण कुठे आहोत हे कळणं. दुसरी, आपलाच ऐवज: लिहिलेलं, काढलेलं, नोंदवलेलं सगळं कधीही बाहेर नेता येणं. तिसरी, वापरता येणं: अंध माणसाला स्क्रीन रीडर लावून, मराठी माणसाला मराठीत. २००६पासून मोफत मिळणाऱ्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरने हे धर्मादाय पायावरही जमतं हे दाखवलं आहे. चौथी, काल जे देऊन माणूस जोडला ते: ते काढायचंच असेल तर पुरेशी मुदत आणि बाहेर पडायची वाट देऊन.

ऑफलाइन वापर यांत कुठे बसतो? पुण्यातल्या माणसासाठी ती सोय असेल. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तो पहिल्या गोष्टीत, सुरक्षेत मोडतो. यूट्यूबने डिसेंबर २०१४मध्ये भारतात व्हिडिओ उतरवून ठेवायची सोय मोफत दिली, ती इथलं नेट बेभरवशाचं आहे हे ओळखून. पायवाटांच्या अ‍ॅपनाही यातून मार्ग काढता येईल: एका तालुक्याएवढा नकाशा फुकट उतरवू द्या, देशभराचे, उपग्रहचित्रांचे, त्रिमितीचे पैसे घ्या. धंदा न बुडवता छप्पर घालायचा हा मार्ग आहे, आणि ऑस्मअँडसारखी अ‍ॅप मोजके नकाशे मोफत देऊन त्याच्या जवळपास जातात.

कायदा सध्या या रेघेपर्यंत पोहोचत नाही. तो दाराशी उभा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार नोंदवले आहेत. वर्गणी बंद करायचं बटण लपवणं किंवा ती प्रक्रिया अवघड करणं हा त्यांतला एक. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२१पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीची सूचना किमान चोवीस तास आधी येते. या दोन्हींमुळे आत शिरलेल्याला बाहेर पडता येतं. खालच्या वर्गाला छप्पर असावं की नाही, हे मात्र अजून गिऱ्हाईकच ठरवतं.

ते ठरवायला फार वेळ लागत नाही. नवं अ‍ॅप घेतलं की घरीच एअरप्लेन मोड लावून पाहा, काय चालतं आणि काय करडं पडतं. आपली एखादी नोंद बाहेर काढून पाहा. वर्गणी भरण्याआधी ती बंद करायचं बटण शोधा. हे तिन्ही पैसे न भरता जमलं, तर त्या कंपनीची वर्गणी जरूर भरा. जी तुम्हाला अडवत नाही, तिलाच पैसे मिळायला हवेत. नाहीतर ज्यांनी छप्पर काढलं त्यांचंच बरोबर होतं, असं उद्याच्या प्रत्येक कंपनीला वाटेल.